व्यसनमुक्तीचा पुढचा खर्चही योजनेत हवा

महोदय,

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकेच विमासंरक्षण द्यावे लागते. दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही कायद्याच्या व्याख्येत येतात. आयुष्मान भारत योजनेत मात्र दाखल रुग्णालाच लाभ आहे. ओपीडी आणि व्यसनमुक्ती पुनर्वसन वगळलेले आहे, घरी सोडल्यावर औषधे १५ दिवसांपुरतीच.

इथेच सगळे फसते. दारू एकाएकी बंद झाली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. भर समुद्रात मासेमारी बोटीवरच्या खलाशाच्या जिवावर हे बेतते, म्हणून दाखल करणे गरजेचेच. पण पुन्हा पिण्याची ओढ कित्येक महिने राहते. त्यासाठी गोळ्या, समुपदेशन आणि नियमित फेऱ्या लागतात. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गहून रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचे भाडे. दोन फेऱ्या चुकल्या की उपचार तुटतो.

किमान सहा महिन्यांची ओपीडी योजनेत घ्यावी, तीही तालुक्याच्या ठिकाणी. पावसाळी मासेमारी बंदीत खलाशी किनाऱ्यावर असतात. उपचारांची सुरुवात तेव्हाच करावी. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक जेटीवर लावावा.

— एक वाचक, हर्णै (ता. दापोली)