‘ग्रेटफुल डेड’ची आठवण त्यांच्या वादनावरून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत साठच्या दशकातील अमेरिकी रॉक संगीतावरचा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळावे, याचा मनापासून आनंद झाला. मात्र ‘ग्रेटफुल डेड’ या बँडविषयी त्यात जे आले आहे, ते एलएसडी हे अमली द्रव्य, वाढवलेले केस, रंगीबेरंगी कपडे आणि सॅन फ्रान्सिस्कोची हेट-ॲशबरी ही हिप्पींची वस्ती एवढ्यावरच थांबते. त्या दशकात त्यांच्या ध्वनिमुद्रिका फारशा खपल्या नाहीत, यावरून हा बँड संगीतापेक्षा चळवळीमुळेच लक्षात राहिला, असा निष्कर्षही लेखकाने काढला आहे. या बँडची प्रत्यक्ष कार्यक्रमांतील ध्वनिमुद्रणे वर्षानुवर्षे ऐकत आलेले आम्ही काही जण भुसावळ-जळगाव परिसरात आहोत. त्या सर्वांच्या वतीने या निष्कर्षाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

खपाच्या आकड्यांबद्दल लेखकाचे म्हणणे खरे आहे. पण या बँडचे खरे काम स्टुडिओत झालेच नाही. 1965 साली पालो आल्टो येथे ही मंडळी एकत्र आली, तेव्हापासून प्रमुख गिटारवादक जेरी गार्सियाच्या निधनापर्यंत, म्हणजे 1995 पर्यंत, त्यांनी दोन हजारांहून अधिक कार्यक्रम केले आणि त्यांतले कोणतेही दोन कार्यक्रम सारखे झाले नाहीत. त्या काळाची प्रतिमा ज्या चित्रपटांनी जगभर पोहोचवली, त्यांत त्यांचे वादन दिसत नाही, हेही गैरसमजाचे एक कारण आहे. 18 जून 1967 रोजी कॅलिफोर्नियातील माँटेरीच्या संगीत महोत्सवात ते ‘द हू’ हा बँड आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्यामध्ये वाजवून गेले. त्याच दिवशी दुपारी पं. रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांची मैफल तिथे झाली होती. महोत्सवाच्या चित्रपटात पंडितजी दिसतात, ‘डेड’ मात्र नाहीत. 16 ऑगस्ट 1969 च्या रात्री वुडस्टॉकच्या महोत्सवात पावसाने मंच ओला झालेला, गिटारला आणि मायक्रोफोनला हात लावला की विजेचे झटके बसत होते, आणि तो कार्यक्रम बिघडला हे बँडमधल्या मंडळींनीच नंतर उघडपणे सांगितले. जगाने पाहिले ते एवढेच. त्याआधी सहा महिने सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्ट या सभागृहात काय घडले, ते ऐकल्याशिवाय या बँडविषयी निवाडा देणे योग्य नाही.

27 फेब्रुवारी ते 2 मार्च 1969 या चार रात्री त्यांनी तिथे वाजवले आणि 16 ट्रॅकच्या, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे टिपणाऱ्या यंत्रावर ते सारे टिपले गेले. त्यांतला आणि जानेवारीतल्या ॲव्हलॉन बॉलरूममधला निवडक भाग त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘लाइव्ह/डेड’ या दुहेरी ध्वनिमुद्रिकेत आला. तिची पहिली संपूर्ण बाजू ‘डार्क स्टार’ या एकाच गाण्याने व्यापली आहे. हेच गाणे 1968 मध्ये छोट्या तबकडीवर निघाले होते, तेव्हा ते तीन मिनिटांच्या आत संपत होते. फिलमोरमध्ये ते तेवीस मिनिटांचे झाले, आणि तरी ते उगाच लांबवल्यासारखे कुठेही जाणवत नाही. सुरुवातीला आवाज इतका बारीक आहे की तबकडी लागली की नाही अशी शंका यावी. मग बास आणि गिटार एकमेकांना चाचपत पुढे सरकतात. पहिले कडवे यायला कितीतरी मिनिटे लागतात, आणि ते येते तेव्हा गाणे सुरू झाल्यासारखे न वाटता वादनाने क्षणभर श्वास घेतल्यासारखे वाटते. गाण्याचे स्वर आपल्या खमाज थाटाचे आहेत. मधल्या विस्तारात स्वरसंगती फारशी बदलत नाही, त्यामुळे षड्ज धरून ठेवल्यासारखा आधार मिळतो आणि त्यावर गार्सिया एकेक स्वरवाक्य उलगडत, फिरवत, सोडून देत जातो. हा राग नाही, आणि त्याला राग म्हणण्याचा माझा आग्रहही नाही. पण ज्यांनी जळगावच्या बालगंधर्व नाट्यगृहात शांत बसून विलंबित ख्याल ऐकला आहे, त्यांना ही वाट अनोळखी वाटणार नाही, एवढे मी खात्रीने सांगतो. त्या चारही रात्रींचे संपूर्ण मुद्रण 2005 मध्ये प्रकाशित झाले आहे. तेच गाणे एका रात्री अलगद विरत जाते आणि दुसऱ्या रात्री गर्जत पुढच्या गाण्यात शिरते, हे आता कोणालाही लागोपाठ ऐकून पाहता येते.

‘लाइव्ह/डेड’च्या दुसऱ्या बाजूवर ‘द इलेव्हन’ हे गाणे आहे. नावाप्रमाणेच ते अकरा मात्रांचे आहे, तीन-तीन-तीन-दोन अशा विभागांचे. रुद्र तालाची ओळख असलेल्या आपल्याकडच्या तबलजीला ही मोजणी अवघड नाही. परंतु 1969 च्या रॉक संगीतात, नाचायला आलेल्या गर्दीसमोर, दोन ड्रमर आणि दोन गिटार घेऊन अकरा मात्रांवर धावणे ही सोपी गोष्ट नव्हती. यामागे मिकी हार्टचा हात आहे. सप्टेंबर 1967 मध्ये तो बँडमध्ये दुसरा ड्रमर म्हणून आला, आणि त्याच सुमारास अल्लारखाँसाहेबांच्या वादनाने त्याला लयीकडे पाहण्याची वेगळी दृष्टी दिली. पुढे त्याचा स्नेह खाँसाहेबांचे चिरंजीव झाकिर हुसेन यांच्याशी जुळला. 1976 साली या दोघांच्या ‘दिगा रिदम बँड’ची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि 1991 च्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीतासाठी नव्यानेच सुरू झालेला पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. डिसेंबर 2024 मध्ये झाकिरभाई गेले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी पानेच्या पाने लिहिली आणि ते उचितच होते. त्यांच्या या मैत्रीचे मूळ ज्या बँडमध्ये आहे, त्याच बँडची ओळख आपण केवळ नशेच्या संदर्भात करून द्यावी, याचे मला वाईट वाटते.

त्याच वर्षी, 25 ऑक्टोबर 2024 रोजी, ‘डेड’चा बासवादक फिल लेश वयाच्या 84 व्या वर्षी वारला. मूळचा ट्रंपेटवादक आणि आधुनिक पाश्चात्त्य रचनासंगीताचा अभ्यासक असलेल्या या माणसाने बँडमध्ये येईपर्यंत बास गिटार कधी हाती घेतली नव्हती. म्हणूनच की काय, त्याचा बास ठेका धरून मागे उभा राहत नाही. गार्सियाच्या बरोबरीने बोलत राहतो. दुसरा गिटारवादक बॉब वेअर, पहिला ड्रमर बिल क्रॉयट्झमन आणि ब्लूज गाणारा ‘पिगपेन’ यांच्याबद्दलही लिहिता येईल. त्याच मुद्रिकेत पिगपेनने पंधरा मिनिटे गायलेले गाणे माझ्या मते लांबते, आणि शेवटच्या बाजूवरचा गिटारच्या घोंगावणाऱ्या आवाजांचा तुकडा आजही कानाला जड जातो. आमच्यातल्या काहींना नेमके तेच सर्वांत प्रिय आहे.

नशेचा विषय टाळून हे पत्र पुरे होणार नाही. कादंबरीकार केन केसीच्या ‘ॲसिड टेस्ट’ या एलएसडीच्या मेळाव्यांतून हा बँड पुढे आला, हे खरे आहे. ऑक्टोबर 1966 पर्यंत कॅलिफोर्नियात एलएसडीवर बंदी नव्हती, हेही खरे आहे. पिगपेन त्या गोळ्यांपासून दूर राहिला, पण दारूने 1973 साली सत्ताविसाव्या वर्षी त्याचा घास घेतला. गार्सिया व्यसनमुक्ती केंद्रातच 53 व्या वर्षी गेला. यात गौरवण्यासारखे काहीही नाही आणि तरुण वाचकांना ते स्पष्ट सांगितलेच पाहिजे. मात्र त्या रात्रींची ध्वनिमुद्रणे आज सत्तरी गाठलेले, चहापलीकडे काहीही न घेणारे श्रोते डोळे मिटून ऐकतात आणि त्यांना ती पुरेशी होतात. नशा उतरल्यावर जे संगीत टिकते, त्याचे मूल्यमापन संगीत म्हणूनच व्हायला हवे.

ही ध्वनिमुद्रणे टिकली कशी, तो भाग आपल्या लेखात अजिबात आलेला नाही, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. ऑउस्ली स्टॅन्ली हा माणूस एलएसडी बनवणारा म्हणून कुप्रसिद्ध होता, पण तोच बँडचा ध्वनिव्यवस्थापकही होता. आपले काम कसे झाले हे नंतर तपासता यावे, म्हणून तो कार्यक्रम थेट आवाज जुळवणाऱ्या मिक्सर यंत्रावरून रिळावर उतरवून घेत असे. विक्रीचा हेतू त्यामागे नव्हता. सत्तरच्या दशकात श्रोतेही सभागृहात मायक्रोफोन आणि टेपरेकॉर्डर घेऊन बसू लागले. इतर बहुतेक बँडची माणसे अशी यंत्रे दारातच अडवीत. ‘डेड’ने सहसा तसे केले नाही. 1984 साली तर त्यांनी मुद्रण करणाऱ्यांसाठी मिक्सरच्या मागे स्वतंत्र जागाच राखून दिली. अट एकच होती की या टेप विकायच्या नाहीत, फक्त एकमेकांना द्यायच्या. त्यामुळे कॅसेटच्या पट्टीवर तारीख, शहर, सभागृह, गाण्यांचा क्रम आणि ही मूळ टेपवरून कितवी प्रत आहे हे बारीक अक्षरांत लिहिण्याची शिस्त त्या मंडळींत रुजली. प्रत्येक नव्या प्रतीबरोबर टेपची खरखर वाढत जाते, म्हणून ती शेवटची नोंद विशेष महत्त्वाची. आज हजारो कार्यक्रम इंटरनेटवर विनामूल्य ऐकायला मिळतात, बँडची कागदपत्रे सँटा क्रूझच्या विद्यापीठात जतन झाली आहेत, आणि 8 मे 1977 चा कॉर्नेल विद्यापीठातला कार्यक्रम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला आहे.

भुसावळपर्यंत हे संगीत पोहोचले ते रेल्वेमुळे. सत्तरच्या दशकात इथल्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबे बरीच होती आणि त्यांच्या घरी मुंबईहून आलेल्या तबकड्या वाजत. अशाच एका इंजिन ड्रायव्हरच्या घरी आमच्यापैकी काहींनी ‘लाइव्ह/डेड’ प्रथम ऐकली. तिचे वेष्टन कडांना फाटले होते आणि पहिल्या बाजूवर मधोमध एक ओरखडा होता. त्या जागी सुई उडी मारायची, म्हणून ते गृहस्थ नेमक्या क्षणी उठून बोटाच्या टोकाने तिला हलकेच पुढे नेत. कोणीही बोलत नसे. पुढे त्या घरातली माणसे परदेशी गेली, तबकडीही गेली, पण तिच्या कॅसेटवर उतरवलेल्या प्रती आमच्यापाशी राहिल्या. आजही एकत्र जमलो की अमुक रात्रीचे वादन सरस की तमुक रात्रीचे, यावर तावातावाने चर्चा होते. आमच्यापैकी एकानेही हा बँड प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तरीही तारखेनिशी वाद घालता येतो, याचे श्रेय सर्वस्वी त्या काळी टेप भरणाऱ्या श्रोत्यांचे आहे.

खान्देशच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेवांनी आणि घरच्या मंडळींनी ऐकता ऐकता लिहून घेतली नसती, तर 1952 चा संग्रह निघालाच नसता. पण त्यांचा आवाज, त्यांची लय कागदावर उतरली नाही. आपल्या गावोगावचे वहीगायन, यात्रांमधले तमाशाचे फड, रात्रभर चाललेली भजने ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत अनेकांनी हौसेने टेपरेकॉर्डरवर भरून घेतली होती. त्या कॅसेट आज माळ्यावर आहेत. कित्येकांवर काहीच लिहिलेले नाही, काहींत बुरशी धरली आहे, आणि घरातला टेप बंद पडल्यामुळे त्या ऐकल्याही जात नाहीत. ज्या कलावंतांना एकच चीज दोन गावांत दोन तऱ्हांनी रंगवता येत होती, त्यांचा पुरावा तेवढाच उरला आहे.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. ‘ग्रेटफुल डेड’च्या 1968 ते 1970 या काळातल्या मंचीय वादनावर आपल्या पुरवणीत स्वतंत्र लेख यावा, त्यासाठी लागणारी ध्वनिमुद्रणे आणि तारखांची माहिती आम्ही आनंदाने पुरवू. आणि ज्यांच्या घरी अशा स्थानिक कार्यक्रमांच्या कॅसेट असतील, त्यांनी त्या टाकून न देता गाव, साल आणि गाणाऱ्यांची नावे आठवतील तशी पट्टीवर लिहून ठेवावीत आणि आपल्या कार्यालयाला कळवावे, असे आवाहन आपण एका चौकटीत छापावे. बुरशी धरलेली कॅसेट यंत्रात घालून पाहू नये, तिच्यामुळे यंत्राचे हेड खराब होते आणि टेपही तुटते, एवढी सूचना त्या चौकटीत जरूर असावी. आमच्याकडे चालू स्थितीतले दोन टेप डेक आहेत आणि त्यांवरून संगणकात मुद्रण उतरवून घेण्याचे काम आम्ही कोणतेही मूल्य न घेता करून देऊ.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
भुसावळ, जि. जळगाव