बाबांची किडनी आईला का चालली नाही

लायडन (नेदरलँड्स), रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर एवढंच बोललात, "३८ वर्षं संसार केला आणि माझी किडनी हिला चालत नाही," आणि फोन आईकडे दिलात. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

रिपोर्टवर 'क्रॉसमॅच पॉझिटिव्ह' वाचून तुम्हाला आधी आनंद झाला होता, असं आई म्हणाली. पण इथे पॉझिटिव्ह म्हणजे आईच्या रक्तात तुमच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी आहेत, म्हणजे जुळत नाही. रक्तगट दोघांचा बी. मग अडलं कुठं? अडलं ते माझ्यापाशी. माझ्यातली निम्मी एचएलए, म्हणजे आपलं-परकं ओळखायला लावणारी पेशींवरची प्रथिनं, आईकडून आली, निम्मी तुमच्याकडून. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराने त्यातला तुमचा वाटा परका म्हणून ओळखला आणि अँटीबॉडी तयार केल्या. त्या इतक्या वर्षांनी अजून जाग्या आहेत. तुमची किडनी त्यामुळे चालत नाही आणि माझीही चालणार नाही, कारण माझ्याकडे तुमचा नेमका तोच वाटा आहे. हे समजलं त्या दिवशी मी खूप रडले.

आई, तुझं यात काहीही चुकलेलं नाही. अवयव जुळवून बघण्याची विद्या तुझ्यासारख्या बायकांच्या रक्तातूनच पुढे आली. १९५८ मध्ये याच लायडनमध्ये यॉन फान रोड यांना आणि तिकडे अमेरिकेत रोझ पेन यांना बऱ्याच बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तात या अँटीबॉडी सापडल्या.

तुम्ही नेहमी विचारता, माकडांच्या जनुकांत एवढं काय बघतेस? हेच बघते. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. पेशीच्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, बरेचदा जेमतेम ८-१० अमिनो आम्लांचे, एका खोबणीत धरून त्या जनुकांपासून बनलेली एचएलए प्रथिनं पेशीच्या बाहेर दाखवतात. टी पेशी, म्हणजे रक्तातल्या पहारेकरी पेशी, फिरत फिरत ते तपासतात आणि विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी मारून टाकतात. माणसामाणसांतला बराचसा फरक त्या खोबणीच्या घडणीत आहे. सगळ्यांची खोबण सारखी असती, तर तिला चुकवायला शिकलेल्या एका विषाणूने गावच्या गाव नेलं असतं. आजोबा भाताचे तीन-चार वाण लावायचे ना, एकावर रोग पडला तरी घरात दाणा यावा म्हणून? तसंच.

आणि हे वाण किती जुने आहेत! माणूस आणि चिंपांझी वेगळे होऊन साधारण ६०-७० लाख वर्षं झाली. एरवी एवढ्या काळात जनुकाचा एखादा प्रकार पुसला जातो, नाहीतर सगळीकडे तोच पसरतो. इथे मात्र त्या फाट्याच्या आधीचे काही वाण दोन्ही घराण्यांनी शेजारी शेजारी जपले. त्यामुळे एखाद्या माणसाचं डीआर (एचएलएतलंच एक) जनुक त्याच्या सख्ख्या शेजाऱ्यापेक्षा चिंपांझीच्या डीआरशी जास्त जुळलेलं दिसतं. मी पहिल्यांदा ते अनुक्रम एकाखाली एक लावले, त्या रात्री स्क्रीनसमोरून उठवेना.

बाबा, तुमचा आणि आईचा हा फरक म्हणूनच संसारातली उणीव नाही. तुम्ही दोघं भेटायच्या कितीतरी आधीपासून तो सांभाळला गेलाय, आणि दोन्ही वाण मला मिळाले.

आता कामाचं. डॉक्टरांनी स्वॅपचं सुचवलंय. तुमची किडनी दुसऱ्या कुटुंबातल्या पेशंटला आणि त्यांच्याकडची आईला, आपल्या कायद्यात याला परवानगी आहे. "अनोळखी माणसाला का देऊ?" असं तुम्ही म्हणालात. ती माणसंही तिकडे आपल्यासारखीच रिपोर्ट हातात धरून बसली असतील. सोमवारी जाऊन नाव नोंदवा, मी फोनवर असेन.

मी १४ तारखेला पोचते. तोवर डायलिसिससाठी केलेल्या फिश्चुलाच्या हातावर कुणाला बीपी मोजू देऊ नका, सुईही नको. आई, बांगड्या उजव्याच हातात ठेव.

तुमची,
ताई