पिल्लाचे आई-बाप बघून घ्या

संपादक साहेब, सांगलीत आम्ही दीड महिन्याचं कुत्र्याचं पिल्लू विकत आणलं, जवळजवळ पांढरंशुभ्र, निळे बारीक डोळे, पोरं तर नाचायलाच लागली, पण दोन दिवसांत बघतोय तर ते दुधाच्या वाटीलाच धडकतंय. डॉक्टर म्हणाले जन्मतःच डोळे नीट वाढलेले नाहीत, इलाज नाही. आई-बाप दोन्ही मर्ल म्हणजे राखाडी ठिपक्यांचे असले की प्रत्येक पिल्लात दोघांकडूनही तो रंगाचा गुण येण्याचा २५ टक्के धोका, मग डोळे असे होऊ शकतात, काही बहिरीही निघतात. पिल्लं १०-१४ दिवसांत डोळे उघडतात, मग विकणाऱ्याला दिसलं नसेल का हो? असली जोडी लावूच नका ना! वाटी आता एकाच कोपऱ्यात ठेवतो, वासावर बरोबर येतं बिचारं.

- एक श्वानप्रेमी, विश्रामबाग, सांगली