नव्या घराच्या डीबीविषयी सायलीस पत्र

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

इंटिरिअरवाल्याचं कोटेशन वाचलं. ट्रॉल्या, लॅमिनेट, फॉल्स सीलिंग यांचा हिशेब त्याने चौरस फुटावर, कंपनीच्या नावासकट दिलाय. विजेच्या सदरात डीबीसाठी, म्हणजे सगळ्या घराचे विजेचे खटके असतात त्या पेटीसाठी, मात्र एकच ओळ आहे: ‘डीबी ८ वे, एमसीबीसह, १ नग’. (‘वे’ म्हणजे खटके बसवायची घरं.) डोंबिवलीची तुमची बिल्डिंग जुनी, घरात अजून किटकॅट फ्यूज आहेत. ते काढायलाच हवेत. पण या ओळीला होकार देऊ नकोस. लॅमिनेट आवडलं नाही तर पुढे बदलता येईल. डीबी मात्र वर्षानुवर्षं भिंतीत राहणार, आणि तो मनासारखा करून घ्यायचा तर भिंती फोडलेल्या आहेत तोवरच.

आयटीआयमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना मी जे आधी शिकवायचे, तेच तुला आधी सांगते. एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी येणारा, आपोआप पडणारा खटका, वायरीला वाचवतो. जास्त भार आला की त्यातली द्विधातूची पट्टी तापून वाकते, शॉर्टसर्किट झालं तर कॉइल क्षणात खटका पाडते. माणसाला शॉक बसतोय हे त्याला कळतच नाही. गीझरमधून करंट लीक होऊन अंगातून ३० मिलिअँपिअर गेला तरी जीव धोक्यात येतो, आणि १६ अँपिअरचा एमसीबी पडायला त्याच्या पाचशे पटींहून जास्त करंट लागतो. माणसासाठी आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे तो सतत पाहत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या एका अंशात सप्लाय तोडतो. तुझ्या कोटेशनमध्ये आरसीसीबीचं नावही नाही. आपली ओवी दोन वर्षांची आहे, भिंतीवरच्या प्रत्येक भोकात तिला बोट घालून बघायचं असतं. म्हणून या बाबतीत मी ऐकणार नाही.

एक नको, दोन घ्या. सगळ्या घराला एकच असला आणि पावसाळ्यात वॉशिंग मशीनच्या प्लगमध्ये ओल शिरली, तर फ्रिजसकट अख्खं घर अंधारात जाईल. गीझर, वॉशिंग मशीन, किचन एकावर आणि दिवे, फ्रिज, बेडरूम दुसऱ्यावर, अशी वाटणी कर. दोन्ही ३० मिलिअँपिअरचेच. १०० आणि ३०० चेही बाहेरून अगदी तसेच दिसतात आणि ‘हा सारखा पडत नाही’ म्हणून ते गळ्यात मारले जातात, तेव्हा आकडा स्वतः वाच. इन्व्हर्टर एसी आणि नवी वॉशिंग मशीन असेल तर अशा यंत्रांतला लीकही ओळखणारा ‘ए’ टाइप घे, थोडा महाग पडला तरी. आरसीसीबीवर आयएसआयच्या शिक्क्याजवळ आयएस १२६४० आणि एमसीबीवर आयएस/आयईसी ६०८९८ असं लिहिलेलं असतं. एमसीबीवर चौकोनात १०००० छापलेलं असावं, म्हणजे १० केए (किलोअँपिअर), शॉर्टसर्किटचा एवढा करंट तो तोडू शकतो.

आता खरी अडचण, आणि इथेच बहुतेक घरांत घोळ होतो. दोन आरसीसीबी म्हणजे डीबीत न्यूट्रल वायरी जोडायच्या दोन वेगळ्या पट्ट्या. ज्या सर्किटची फेज पहिल्यातून निघाली, त्याची न्यूट्रल पहिल्याच्याच पट्टीवर परत यायला हवी. जुन्या वायरिंगमध्ये मात्र हॉलच्या दिव्याची न्यूट्रल जवळ पडते म्हणून किचनच्या बोर्डातून उचललेली असते. फ्यूजच्या काळात त्याने काही बिघडत नव्हतं. आरसीसीबी बसवला की दिवा लावल्याबरोबर तो पडतो. वायरमन दोन तास शोधतो, मग कंटाळून आरसीसीबीच्या वरच्या-खालच्या टोकांना तार जोडून मोकळा होतो. असे डीबी मी कितीतरी उघडून पाहिलेत. दारातून बघितलं तर सगळं नीटनेटकं, आणि आत संरक्षण शून्य. तुम्ही इन्व्हर्टर बसवणार आहात, तिथेही हाच नियम. त्याला ज्या आरसीसीबीतून सप्लाय दिला, त्याच्यावरच्या दिव्यांची न्यूट्रल त्याच पट्टीवर हवी.

म्हणून जुन्या वायरी तशाच ठेवून नुसती पेटी बदलायची नाही. तुमच्याकडे काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या वायरी निघाल्या असं निखिलराव म्हणत होते. सगळं तांब्यात करा: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, प्लग आणि गीझरला अडीचची, एसीला चारची. एमसीबी त्या वायरीप्रमाणे लागेल: दीडला ६ किंवा १० अँपिअरचा, अडीचला १६, चारला २०. पुढे कधी एमसीबी वारंवार पडायला लागला आणि कोणी ३२ चा टाकून देतो म्हणाला, तर त्याला हात लावू देऊ नकोस. मग एमसीबी पडणार नाही, भिंतीतली वायर तापत राहील.

आता सर्किटं मोज. दिव्यांची दोन, किचनची दोन, दोन एसी, गीझर, वॉशिंग मशीन, फ्रिज, इन्व्हर्टर. दहा झाली. आयसोलेटर (डीबीचा मेन स्विच) आणि दोन आरसीसीबी प्रत्येकी दोन घरं घेतात, म्हणजे सोळा. आठची पेटी कुठे पुरणार? पुढच्यासाठी तीन-चार घरं रिकामी राहतील अशी मोठी, पत्र्याची, दाराची पेटी घे. जागा पॅसेजमध्ये, हात पोचेल अशा उंचीवर. इंटिरिअरवाला ती बुटांच्या कपाटात लपवायचं सुचवेल, त्याला नाही म्हण.

अर्थिंगचं सोसायटीत विचार. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी काम करतो, पण मग आधी कोणाला तरी शॉक बसावा लागतो. अर्थिंग चांगलं असेल तर गीझरची बॉडी लाइव्ह होताक्षणी तो पडतो, कोणी हात लावायच्या आत. आणखी एक: बिल्डिंगच्या केबलची न्यूट्रल तुटली तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. त्यासाठी व्होल्टेज प्रोटेक्टर मिळतो, तोही टाकून घे.

हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घे. त्या दिवशी तू किंवा निखिलराव कोणीतरी घरीच थांबा. मीटर रूममधून सप्लाय बंद केल्याशिवाय त्याला सुरू करू देऊ नका. सप्लाय द्यायच्या आधी मेगर (वायरींचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायला सांगा. प्रत्येक स्क्रू तुमच्यासमोर आवळून घ्या, ढिल्या जोडापाशीच डीबी जळतो. मग दोन्ही आरसीसीबींचं ‘टी’, म्हणजे टेस्टचं, बटण दाबून बघा. खटका पडलाच पाहिजे, आणि पडल्यावर त्याच्याखालचं सगळं बंद झालं पाहिजे. पंखा फिरत राहिला तर कुठेतरी तार जोडलेली आहे, पैसे देऊ नका. पुढे महिन्यातून एकदा हे बटण दाबत जा.

एक लक्षात असू दे. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली तर आरसीसीबीलाही कळत नाही, कारण गेला तेवढा करंट परत येतो. तेव्हा तो बसवला म्हणून बल्ब होल्डरशी खेळ नको. निखिलरावांनाही सांग.

कोटेशनमध्ये या सगळ्याचे आकडे वेगवेगळे लिहून माग. आणि मीटर रूममधला तुमचा कटआउट (मुख्य फ्यूज) किती अँपिअरचा आहे आणि वर येणारी केबल कितीची आहे, ते सोसायटीच्या वायरमनला विचारून मला फोन कर. त्यावरून आयसोलेटर ४० चा घ्यायचा की ६३ चा, ते सांगते.

ओवीला गोड पापा.

तुझी,
आई