निपाणीच्या पत्त्यावर, फुग्याबद्दल

बेळगाव

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट वाचला. मेंदूतली धमनी जिथं दुभंगते, तिथं ४ मि.मी.चा फुगा. रक्ताचा मारा फाट्यावरच बसतो, म्हणून भिंत तिथंच दमते. हा फुगा गोळीनं जिरत नाही. जिरवून देतो म्हणणाऱ्या काढेवाल्याला पैसे देऊ नकोस. फुगा वाढू नये म्हणून आपल्या हातात मुख्यतः दोनच गोष्टी आहेत, बिडी आणि प्रेशर.

निपाणीत राहून तंबाखू सोडणं किती अवघड ते कळतं रे, गल्लीगल्लीत त्याचाच वास. पण धुरानं धमनीच्या भिंतीला सूज येते, ती कमजोर होते. फुगा धरणं, वाढणं, फुटणं, तिन्हीत बिडीचा हात असतो. दहावरून तीनवर आलो म्हणतोस, हे सोडणं नव्हे. बिडी टाकून गालात तंबाखूची चिमूट धरलीस तरी प्रेशर चढणारच. डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम घे: उठल्यावर अर्ध्या तासात बिडी लागत असेल तर ४ मि.ग्रॅ.चं, नाहीतर २ चं. ते सावकाश चावायचं, तोंडात झणझणलं की गालाशी दाबून ठेवायचं, झणझण गेली की परत चावायचं. लोक भराभर चावतात, मग उचकी लागते, छातीत जळजळतं, आणि "मला सोसत नाही" म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बिडी.

प्रेशरचं मशीन दंडाचं घे, मनगटाचं नको. पट्टा दंडाला आखूड पडला तर आकडा उगाच जास्त येतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही. पाठ टेकून, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा आणि छातीच्या उंचीवर. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोज, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी डॉक्टरांना दाखव. साधारण १३०/८० च्या खाली हवी. आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करू नकोस, तो गोळीमुळंच चांगला आलाय. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, त्यानं प्रेशर चढतं. दुकानदारानं दिली म्हणून घेऊ नकोस.

मिठाचा हिशेब सूनबाईंना सांग. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे तुम्हा चौघांना किलोचा पुडा निदान ५० दिवस पुरला पाहिजे. लोणचं, पापड, सांडगी मिरची धरली तर त्याहून जास्त दिवस.

कोठा साफ ठेव. श्वास कोंडून पोती उचलू नकोस. कुंथलं, जोर केला की प्रेशर एकदम चढतं.

पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीचा कर, आणि जुनी सीडी बरोबर घे, नुसता कागद नको. ४ चे ४.३ झाले तर घाबरायचं नाही, मोजण्यातच तेवढा फरक पडतो. जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवून बघायला सांग. खरंच वाढ दिसली तर गप्प बसायचं नाही, न्यूरोसर्जनशी क्लिप (फुग्याच्या मानेला लावायचा चिमटा) किंवा कॉइल (फुग्यात भरायची बारीक तार) याचं बोलायचं.

एकाएकी, मिनिटाभरात शिगेला जाणारी डोकेदुखी, उलटी, मान ताठ, पापणी खाली येणं, एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही. ॲस्पिरिन घ्यायची नाही, स्वतः गाडी चालवायची नाही, १०८ ला फोन. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं. तिथं रात्री सीटी आणि न्यूरोसर्जन दोन्ही कुठं मिळतात ते या आठवड्यात विचारून घे, आणि नंबर सूनबाईंच्या फोनमध्येही घाल.

तुझी
आई