आईच्या नावाचा पुरावा: अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय अंतर्गत सुरक्षा मंत्री,
सादर नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. इथे ते मराठीत मांडतो आहे, कारण ज्यांचे आईवडील अमेरिकेत मुलांजवळ राहतात, त्या घरांत विमानप्रवासाला लागणाऱ्या ओळखपत्राचा हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

माझी आई 76 वर्षांची आहे, अमेरिकेची नागरिक आहे. गाडी चालवत नाही. तिच्याकडे राज्याचं जुनं ओळखपत्र आहे, पण त्यावर रिअल आयडीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कडक नियमांत बसणाऱ्या ओळखपत्राचा, तारा नाही. भारतात जाणं थांबल्यापासून पासपोर्टची मुदतही संपून गेली. दुसऱ्या राज्यातल्या माझ्या बहिणीकडे ती वर्षातून एकदा विमानाने जाते, एवढाच तिचा प्रवास. 7 मे 2025 पासून देशातल्या विमानप्रवासालाही रिअल आयडी किंवा पासपोर्टसारखं ओळखपत्र लागण्याचा नियम लागू झाला आणि आम्ही कागद गोळा करायला लागलो.

राज्याच्या ओळखपत्र कार्यालयात पहिल्या खेपेला पत्त्यावर अडलं. पत्त्याचे दोन पुरावे हवेत. घर माझ्या नावावर, विजेचं बिल माझं, पाण्याचं माझ्या बायकोचं. सासूबाईंच्या नावावर बिल असायला हवं होतं, हे तिच्या तरी कुठून मनात येणार? शेवटी बँकेचं आणि मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचं, पत्र मिळवून आम्ही पुन्हा गेलो.

दुसऱ्या खेपेला नाव आडवं आलं. आमच्याकडे बाईच्या नावापुढे आधी वडिलांचं नाव लागतं, लग्नानंतर नवऱ्याचं. भारतीय पासपोर्टवर तिचं आणि नवऱ्याचं, म्हणजे माझ्या बाबांचं, नाव एकाच रकान्यात छापलेलं होतं. पुढे नागरिकत्वाच्या दाखल्यावर ते तिच्या नावाला चिकटूनच आलं आणि सोशल सिक्युरिटी कार्डावरून गळून गेलं. खिडकीवर लग्नाचा दाखला मागितला. तिचं लग्न 1971 साली गावी मांडव घालून झालं. पत्रिका आहे, फोटो आहेत, नोंदणी नाही. त्या काळी गावात लग्न नोंदवायला कोण जात होतं? आई काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर तिने मला विचारलं, "माझं नाव चुकीचं आहे का रे?"

11 सप्टेंबर 2001 नंतर ओळखपत्रं कडक व्हायला हवी होती, हे मला मान्य आहे. रिअल आयडीचा 2005 चा कायदा त्याच कारणाने आला. पण अंमलबजावणीची मुदत सरकारने स्वतः पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. वीस वर्षं सरकारला पुरली नाहीत आणि म्हाताऱ्या माणसाला मात्र एका कागदासाठी परत पाठवलं जातं.

आता 1 फेब्रुवारी 2026 पासून चालणारं ओळखपत्र नसेल तर 45 डॉलर भरून ओळख पटवून घ्यायची सोय आहे. ती 10 दिवसांपुरती. आई बहिणीकडे महिनाभर राहते, म्हणजे जाताना 45 आणि येताना 45. शिवाय पैसे भरूनही ओळख पटेलच याची हमी नाही. पासपोर्ट पुन्हा काढावा तर 130 डॉलर, आणि जुना फारच जुना असेल तर 165. निवृत्त माणसाला ही रक्कम लहान नाही.

तुमच्याच नियमांत एक वाट आहे. आपल्या हातात नसलेल्या कारणाने जो ठरलेले कागद देऊ शकत नाही, त्याच्यासाठी राज्यांना लेखी अपवाद-पद्धत ठेवता येते. दोन्ही खेपांना आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. मी नियम वाचत बसलो तेव्हा कळलं. ही पद्धत राज्यांच्या मर्जीवर सोडू नका, ती सक्तीची करा आणि प्रत्येक खिडकीवर लावायला सांगा. एकाच घरात राहणाऱ्या मुलाचं प्रतिज्ञापत्र पत्त्याचा एक पुरावा म्हणून सगळ्या राज्यांत चालू द्या. ज्यांचा अर्ज कागदांसाठी अडकला आहे, त्यांच्याकडून 45 डॉलर घेऊ नका. आणि ज्याला परत पाठवाल त्याला कुठला कागद कमी पडला हे लिहून द्या, म्हणजे पुढच्या खेपेला नवीनच मागणी निघणार नाही.

आईला घेऊन मी पुढच्या महिन्यात तिसऱ्यांदा जाणार आहे. त्याआधी आपलं उत्तर यावं, ही विनंती.

आपला,
एक नागरिक