दुबार मदत रोखा, पण आधी त्या माणसाला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकाच नुकसानीची भरपाई दोनदा जाऊ नये म्हणून महसूल, कृषी, मत्स्यव्यवसाय, ग्रामविकास या खात्यांनी आणि विमा कंपन्यांनी आपापल्या याद्या एकमेकांशी ताडून पाहाव्यात, अशी मागणी हल्ली दर आपत्तीनंतर होते. मागणी रास्तच आहे. जालना जिल्ह्यात 2022 ते 2024 या काळातल्या अतिवृष्टी अनुदानात बोगस आणि दुबार नावांवर कोट्यवधी रुपये उचलले गेल्याचे उघड झाले, तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. तो पैसा ज्यांचे पीक खरोखर वाहून गेले त्यांच्या वाट्याचा होता. त्यामुळे याद्या जोडायला माझा विरोध नाही. त्या कशाच्या आधारावर जोडणार आणि 'दुबार' असा शेरा पडलेल्या माणसाला आपली बाजू मांडायची संधी कधी मिळणार, याची मात्र मला काळजी वाटते. नाव, आधार आणि बँक खाते एवढ्यावरच ताळा घातला, तर आमच्या कोकणात प्रामाणिक माणसेच त्यात अडकतील.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पंचनाम्यांच्या वेळी गावोगावी जी स्थिती होती ती आजही तशीच आहे. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी आजीच्या नावावर. वाडीचा सातबारा सामाईक, त्यात चुलत्यांची आणि मुंबईच्या भावांची नावे. होडी धाकट्या भावाच्या नावाने मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदलेली. आणि घरात आधारशी जोडलेले, चालू असलेले बँक खाते एकच, ते सुनेचे. छप्पर उडाले, पोफळी मोडल्या, होडी खडकावर आपटून फुटली. नुकसानी तीन, पंचनामे तीन, सरकारी खाती तीन, आणि तिन्ही अर्जांना जोडलेले पासबुक मात्र एकाच बाईचे. संगणकाला यात एका व्यक्तीला तीनदा गेलेले पैसे दिसतील. घरच्यांना त्यात मोडलेला संसार दिसतो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले त्या वेळचे पाहा. शासनाने पूरग्रस्त कुटुंबांना 10 हजार रुपये आणि दुकानदारांना नुकसानीच्या प्रमाणात 50 हजारांपर्यंत मदत जाहीर केली होती. चिपळुणात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही जुनीच पद्धत आहे. मालक एक, पत्ता एक, पण दोन वेगळ्या मदतींवर त्याचा दोन वेगळ्या कारणांनी हक्क होता. नुसता पत्ता जुळला म्हणून यातली एक रक्कम रोखणे हा अन्याय ठरला असता.

नावांचा घोळ तर आणखी मोठा. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आमच्याकडे घरोघर आहे. एकाच भावकीचे आडनाव अख्ख्या वाडीला असते. त्यामुळे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखे असलेली दोन माणसे एका गावात निघाली तर आम्हाला नवल वाटत नाही. आमच्या शेजारच्या एका काकूंच्या नावापुढे मदतीच्या यादीत 'दुबार' असा शेरा आला होता. दुबार म्हणजे कोणाशी, कोणत्या रकमेशी, हे त्यांना कोणीच सांगू शकले नाही. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने 'वरून आले आहे' म्हटले. पलीकडच्या वाडीत त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या बाई राहतात, हे गावातल्या शाळकरी पोरानेही सांगितले असते. पण ते विचारायला कोणी आलेच नाही आणि काकूंनी अखेर नाद सोडला. रक्कम लहान असली की माणूस नाद सोडतो. निसर्गच्या वेळी बागायतीला हेक्टरी 50 हजारांचा दर वाढवून दिला होता, तरी दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने पाच हजारच बसतात. त्यासाठी म्हातारी बाई एसटीने तालुक्याला किती हेलपाटे घालणार?

जमिनीच्या सामाईक खात्यांचा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटतो. एका गटावर आठ-दहा नावे, त्यातली निम्मी डोंबिवली-विरारला, काही वारसांची नोंदच झालेली नाही. कसणारा एकटा. निसर्गनंतर संमतीपत्रांच्या अटीमुळे मदत रखडल्याचा अनुभव आम्ही घेतला आहे. आता शेतकरी ओळख क्रमांकही आला. एका गटातल्या प्रत्येक हिस्सेदाराला आपापला क्रमांक मिळू शकतो. म्हणजे एकाच गटासमोर चार क्रमांक आणि चार वेगळे हिस्से दिसणार. त्यात खोटे काहीही नाही. पण हे यंत्रणेला आधी समजावून सांगितले नाही, तर पहिल्याच वादळात शेकडो खरे खातेदार संशयितांच्या यादीत जातील.

विम्याच्या बाबतीतही नियम स्पष्ट हवा. आंबा-काजूचा फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने नोंदलेले तापमान, पाऊस, वारा यांवर त्याची भरपाई ठरते, बागेत किती कलमे पडली त्यावर नाही. बागायतदार स्वतःच्या खिशातून हप्ता भरतो तेव्हा ही रक्कम मिळते. तिला शासकीय मदतीशी जोडून 'दुबार' ठरवायचे असेल, तर तसे हप्ता भरण्यापूर्वीच लेखी सांगा.

याद्या जोडण्याचे काम अमेरिकेत पुष्कळ आधीपासून चालते. तिथे आपत्तीनंतर 'फेमा' ही केंद्र सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था घरदुरुस्तीला मदत देते आणि लघुउद्योग प्रशासन नावाची सरकारी संस्था घरमालकांनाही कमी व्याजाने कर्ज देते. एकाच छपराला दोन्हीकडून पैसा जाऊ नये म्हणून दोघे आपली माहिती ताडून पाहतात, कारण दुबार लाभाला कायद्यानेच मनाई आहे. पण 1988 साली त्यांनी अशा संगणकीय जुळणीसाठी स्वतंत्र कायदा केला. कोणती माहिती, कशासाठी, किती काळ वापरणार याचा लेखी करार करावा लागतो, त्याची सूचना सरकारी राजपत्रात छापावी लागते आणि करार दीड वर्षाचाच असतो, फार तर आणखी एक वर्ष वाढतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, नाव जुळले एवढ्यावर कोणाचा लाभ थांबवता येत नाही. खात्याने ती जुळणी स्वतंत्रपणे पडताळायची, संबंधित व्यक्तीला नोटीस द्यायची आणि उत्तराला मुदत द्यायची, साधारण 30 दिवस. तिथेही सगळे आलबेल असेल असे मी म्हणत नाही, पण हा क्रम आपण घेण्यासारखा आहे.

आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अनुदान-लाभ देण्यासाठी नागरिकांची माहिती वापरण्याची शासनाला मुभा दिली आहे. त्याच कायद्यात असेही आहे, की ज्या माहितीच्या आधारे माणसाबद्दल निर्णय होणार किंवा जी दुसऱ्या संस्थेला दिली जाणार, ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री करून घेतली पाहिजे. वारसनोंदी रखडलेले सातबारे या कसोटीला कसे उतरणार? त्यामुळे याद्या जोडण्याआधी गावागावात वारसनोंदींच्या मोहिमा घ्याव्या लागतील. ते काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येण्यासारखे नाही.

माझी शासनाला विनंती आहे, की ताळा माणसावर न घालता नुकसानीवर घालावा. घराला घर क्रमांक, जमिनीला गट क्रमांक आणि हिस्सा, होडीला नोंदणी क्रमांक असतोच. तोच क्रमांक, तीच आपत्ती आणि तोच नुकसानीचा प्रकार दोन याद्यांत आला तरच शंका घ्यावी. मग तलाठ्याने किंवा ग्रामसेवकाने जागेवर जाऊन पाहावे. शेऱ्याचे कारण मराठीत, लेखी, कोणत्या यादीतल्या कोणत्या नोंदीशी जुळले ते सांगून द्यावे. आणि वादात नसलेली रक्कम तोवर अडवू नये. घराबद्दल शंका असली म्हणून होडीचे पैसे का थांबावेत?

आणखी एक. याद्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्याच पाहिजेत, कारण बोगस नाव गावकरीच पहिले ओळखतात. पण त्यांवर पूर्ण खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक छापू नये. अशा याद्यांचे फोटो मोबाइलवर गावभर फिरतात आणि मग फसवणुकीचे फोन येऊ लागतात.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मान्सूनपूर्व आढावा बैठकीत बोटी, दोरखंड आणि निवारा शेडसोबत हा विषयही घ्यावा. दुबार शेऱ्यावर हरकत कोणाकडे नोंदवायची आणि किती दिवसांत निकाल मिळणार, हे प्रत्येक तहसील कार्यालयाने 1 जूनपूर्वी जाहीर करावे. आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक वाडीवाला, ता. श्रीवर्धन, जि. रायगड